काडतूस बसले, म्हणजे झाले?

पुणेकराचा काडतुसाशी संबंध येतो तो बहुधा सकाळच्या चहाबरोबर. ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ अशी बातमी स्थानिक पानावर अधूनमधून असतेच. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. वास्तविक या शहराचा आणि काडतुसाचा घरोबा जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे फर्ग्युसन कॉलेजपेक्षा सोळा वर्षांनी थोरला. पाषाणला एआरडीई ही १९५८ साली स्थापन झालेली लष्करी शस्त्रांची संशोधन संस्था आहे. इन्सास रायफल तिथलीच. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालयही पुण्यातच आले. एवढे असून ‘या रायफलीत ते काडतूस चालेल का’ या साध्या प्रश्नाचे धड उत्तर मराठीत एका जागी सापडत नाही. ही पुस्तिका त्यासाठी आहे.

प्रश्न विचारणारे बहुतेक वारसदार असतात. आजोबांची रायफल, रीतसर परवाना करून नावावर झालेली. कपाटातून निघते तेव्हा नळीवरचे आकडे निम्मे पुसलेले असतात आणि सोबतच्या पत्र्याच्या डब्यात दोन-तीन जातींची काडतुसे एकत्र पडलेली असतात. काही जण मावळातले शेतकरी असतात, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे. आणि आता तिसराही वर्ग झाला आहे: टेक्सासात स्थायिक झालेला भाचा तिथल्या रेंजवर जातो आणि फोनवर विचारतो, मामा, डब्यावर अमुक लिहिले आहे आणि नळीवर तमुक, दोन्ही एकच ना?

यांतले बरेच जण उत्तराची वाट पाहत नाहीत. काडतूस घालून बघतात. बोल्ट बंद झाला म्हणजे बसले, आणि बसले म्हणजे चालणार, असा सरळ हिशेब. पुढच्या सगळ्या प्रकरणांचे म्हणणे एवढेच आहे की बोल्ट बंद होणे ही परीक्षाच नव्हे. काही काडतुसे बसतात आणि चालतात, काही बसतात आणि हात घेऊन जातात. काही बसू नयेत म्हणूनच मुद्दाम घडवलेली असतात, आणि त्यांची गोष्ट सर्वांत रंजक आहे, कारण ती थेट आपल्या देशातली आहे.

आधी यंत्राबद्दल थोडे. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. नळीच्या मागच्या टोकाला या काडतुसाच्या मापाने कोरलेली जागा म्हणजे चेंबर, आणि ते मागून बंद करतो तो बोल्ट. चाप ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि क्षणभर आत जो दाब तयार होतो तो आजच्या रायफलींत चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांच्या घरात जातो. पातळ पितळेला हा दाब पेलवत नाही, तिने तो पेलावा अशी अपेक्षाही नसते. तिचे काम कुकरच्या रिंगेचे: फुगून भिंतीला चिकटायचे आणि वायू मागे येऊ द्यायचा नाही. भार सगळा पोलादाचा. म्हणून पुंगळीला चारी बाजूंनी पोलादाचा आधार हवा. जिथे पोकळी राहील तिथे पितळ ताणले जाते. फार ताणले की फाटते, आणि मग तो वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे वाट काढतो.

तेव्हा पाहायच्या गोष्टी लांबी-रुंदीपुरत्या नाहीत. काडतूस चेंबरमध्ये कशाला टेकून थांबते, बोल्ट आणि त्याच्या बुडात किती फट राहते, गोळीच्या टोकापासून नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, किती दूर सुरू होतात, पुंगळी किती जाड आहे, दाब किती उठतो: यांतली एकही गोष्ट काडतूस घालून पाहणाऱ्याला दिसत नाही. बुडाशी राहणाऱ्या फटीच्या या हिशेबाला कारागीर हेडस्पेस म्हणतात. पुस्तिकेतही तोच शब्द ठेवला आहे. उगाच नवा घडवला नाही.

नावांचा घोळ तर विचारूच नका. भारतीय सैन्यात आज ‘सात-बासष्ट’ म्हटले तर तीन वेगळी काडतुसे होतात. अमेरिकेहून आलेल्या सिग ७१६ ला ७.६२ × ५१ लागते. कोरव्यात तयार होणाऱ्या एके-२०३ ला ७.६२ × ३९. आणि द्रागुनोव्हला ७.६२ × ५४, तेही बुडाशी कडा असलेले, मुळात १८९१ च्या रशियन रायफलीचे. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा, मिलिमीटरात. बोलताना तो गळतो आणि घोटाळा होतो. त्यावर कडी म्हणजे तिघांच्या गोळ्याही एका जाडीच्या नाहीत. ७.६२ हे माप नळीच्या आतल्या उंचवट्यांमधले. गोळी त्याहून जाड असते, कारण तिला आट्यांत रुतायचे असते. पाश्चात्त्यांची गोळी ७.८२ मिलिमीटरची, एकेची त्याहून किंचित जाड. नागरी बाजारातही हेच. आपल्याकडे ‘.३२ बोअर’ असे परवान्यावर लिहितात. पण सरकारी कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे आणि .३२ पिस्तुलाचे वेगळे. जाणता दुकानदार परवाना पाहूनही विचारतो, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? जो विचारत नाही त्याच्याकडून काडतूस घेऊ नये.

जगभर ज्या जोडीवर सर्वांत जास्त शाई सांडली ती म्हणजे .३०८ विंचेस्टर आणि ७.६२ × ५१ नाटो. पहिले १९५२ मध्ये अमेरिकेत शिकारीसाठी बाजारात आले, दुसरे १९५४ मध्ये लष्करी म्हणून मान्य झाले. बाहेरून दोन्ही जुळी. फरक चेंबरमध्ये आहे. बोल्टपासून पुंगळी निमुळती होते तिथल्या ठरलेल्या रेषेपर्यंत मोजलेली नागरी चेंबरची हेडस्पेस १.६३० इंचांपासून सुरू होते आणि वरची मुभा जेमतेम काही सहस्रांश इंचांची. लष्करी चेंबरला १.६४५ च्या आसपासपर्यंत चालवून घेतात, कारण चिखलात, धुळीत, दहा कारखान्यांच्या मालावर रायफल अडता कामा नये. त्या सैल चेंबरला साजेशी लष्करी पुंगळी जाड असते. म्हणून लष्करी काडतूस नागरी रायफलीत सहसा निमूटपणे चालते. उलट बाजूने, पातळ पुंगळीचे .३०८ एखाद्या झिजलेल्या, सैल लष्करी चेंबरमध्ये गेले तर विचार करावा लागतो.

इथे आपल्या इशापूरच्या २ए आणि २ए१ या रायफलींचा संबंध येतो. १९६२ च्या युद्धात आपले जवान .३०३ ची ली-एन्फिल्ड रायफल घेऊन लढले. एसएलआर ही नवी रायफल पुरेशा संख्येने येईपर्यंत हाती काहीतरी हवे म्हणून इशापूर कारखान्याने जुन्या ली-एन्फिल्डच्याच घडणीची, पण ७.६२ नाटो काडतुसाची रायफल काढली. पोलाद जास्त चांगले घेतले, मॅगझिन बदलले. पुढे यातल्या बऱ्याच परदेशी बाजारात गेल्या आणि तिकडच्या हौशी लोकांत वाद सुरू झाला: .३०८ घालावे की नाही? एका बाजूला ‘लष्करी काडतुसाचा दाब ५०,००० आणि .३०८ चा ६२,०००’ असे आकडे फेकले जातात. हे आकडे एका मापाचे नाहीत. पहिला तांब्याचा छोटा दंडगोल दाबाने किती चेपला त्यावरून काढलेला, दुसरा विद्युत संवेदकाने मोजलेला. दोन पट्ट्यांची मापे शेजारी मांडून वजाबाकी करण्यासारखे ते झाले. प्रत्यक्षात दोघांच्या दाबात फार अंतर नाही. माझे मत विचाराल तर दाबाची भीती फुगवलेली आहे आणि हेडस्पेसची भीती रास्त आहे. रायफल साठ वर्षांची आहे. आधी हेडस्पेस गेजने मोजून घ्या, वाद मग घाला.

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ × ४५ यांचे मात्र तसे नाही. इथे खरोखर एकाच दिशेने जाता येते. लष्करी ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीपुढे आटे सुरू होण्याआधी जास्त मोकळी जागा ठेवलेली असते; .२२३ च्या चेंबरमध्ये ती कमी. लष्करी काडतूस त्या आखूड जागेत डागले की गोळीला धाव घ्यायला वाव मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. अमेरिकी उत्पादकांच्या मानक संस्थेने ही जोडी असुरक्षित म्हणून स्पष्ट नोंदवली आहे. उलटे, म्हणजे .२२३ हे ५.५६ मध्ये, चालते. भाच्याने विचारले तर एवढे सांगावे. इकडे भारतात हा प्रश्न सामान्य परवानाधारकाला पडतच नाही. लष्करी बाजूलाही तशी गल्लत नाही: पाषाणच्या एआरडीईने त्याच जाडीच्या गोळीचे पण आखूड, ५.५६ × ३० असे स्वतंत्र काडतूस कार्बाइनसाठी घडवले. इन्सासचे काडतूस त्या कार्बाइनमध्ये जात नाही, त्यामुळे गोंधळाला जागाच नाही. याला म्हणतात शहाणपणाची रचना.

आता थ्री नॉट थ्री. एनसीसीत ज्यांनी कधी खांद्याला तिचा दणका खाल्ला आहे त्यांना, आणि २००८ मध्ये सीएसटी स्थानकावरच्या पोलिसांच्या हातात ती पाहून ज्यांना चीड आली त्यांनाही, तिची ओळख करून द्यायला नको. पण एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. .३०३ चे न डागलेले काडतूस आणि त्याच रायफलीतून निघालेली रिकामी पुंगळी शेजारी उभी करा. बुडाशी कडा तीच. खडकीचा माल असेल तर बुडावर के आणि एफ ही अक्षरे, मध्ये ब्रिटिश काळातला बाण, सालाचे दोन आकडे आणि रोमन सात, म्हणजे मार्क सात. आता खांदा पाहा, जिथे पुंगळी निमुळती होऊन गळ्याकडे वळते. डागलेल्या पुंगळीचा खांदा पुढे सरकलेला आणि गोलसर झालेला दिसेल. कारण ली-एन्फिल्डचे चेंबर पुढच्या बाजूला मुद्दाम ऐसपैस ठेवलेले. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत चिखलाने माखलेली काडतुसे आत जायला हवी होती. हे चालू शकले ते कडेमुळे. हे काडतूस खांद्यावर टेकत नाही, कडेवर लटकते. हेडस्पेस मोजायची ती त्या कडेपाशी, ०.०६४ ते ०.०७४ इंच. पुढे कितीही पोकळी असो, बुडाशी फट नेमकी असली की एकदा डागण्यापुरते काम भागते. याच्या उलट नाटोच्या ७.६२ × ५१ ला तशी कडा नाही. ते खांद्यावर टेकते, आणि खांद्यापुढे पोकळी राहिली तर थेट संकट. दोन्ही तऱ्हेची काडतुसे एकाच घडणीच्या, एकाच कारखान्यातल्या रायफलींत, दहा-पंधरा वर्षांच्या आत आपल्याकडे वापरली गेली. ज्याला हेडस्पेस समजून घ्यायची आहे त्याने हीच दोन शेजारी ठेवावीत. या पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण त्यावर आहे आणि ते लांब झाल्याचे मला वाईट वाटत नाही.

त्याच .३०३ चा आणखी एक धडा. १९१० मध्ये बोथट, २१५ ग्रेनच्या गोळीऐवजी टोकदार, १७४ ग्रेनची मार्क सात गोळी आली. चेंबर तेच, काडतूस बसते, चालते, धोका काही नाही. पण जुन्या गोळीसाठी आखलेल्या दुर्बिणीशिवायच्या साइट्स नव्या गोळीला लागू पडेनात, कारण तिचा मार्ग जास्त सपाट. सुरक्षित असणे आणि योग्य असणे यांत हा फरक आहे.

आणि आता कायद्याकडे. जगात इतरत्र चेंबर आणि काडतुसाची जोडी हा बहुधा कारागिराचा विषय. भारतात तो शंभर वर्षांहून अधिक काळ सरकारचाही विषय आहे. ब्रिटिशांना धास्ती ही की लष्करी माल चोरीला जाऊन उलटेल. वायव्य सरहद्दीवर मार्टिनी-हेन्री रायफली टोळीवाल्यांच्या हाती होत्या, त्यांचे काडतूस .५७७/.४५०. शिकारीची .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतुसे त्या रायफलीत बसत नव्हती, पण गोळ्या काढून पुन्हा भरता येतील म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरवर भारतात बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांचे गिऱ्हाईक म्हणजे इथले साहेब आणि संस्थानिक. त्यांनी आकडा सरकवला: कुणी .४७० काढली, हॉलंड अँड हॉलंडने १९०७ मध्ये .५००/.४६५. हत्ती आणि वाघ मारायची ताकद तीच. बोअर तेवढा बंदीबाहेर. आज आफ्रिकेतल्या शिकारीत .४७० चा जो दबदबा आहे त्याचे मूळ कलकत्ता-सिमल्याच्या एका फतव्यात आहे, हे तिकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

.३०३ चीही हीच कथा. नागरिकाला लष्करी बोअर नको, म्हणून ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ × ५० काडतूस .३१५ या नावाने भारतात रुजले. इशापूर आजही .३१५ ची रायफल तयार करते. ती दिसायला ली-एन्फिल्डचीच बहीण, पण .३०३ चे काडतूस तिच्यात बसत नाही. बसू नये हाच तर हेतू. तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या पहारेकऱ्यांसाठी तर याहून पुढची युक्ती केली: .४१० मस्केट, ली-एन्फिल्डच्याच घडणीची, पण नळीला आटे नाहीत आणि एका वेळी एकच काडतूस. ते सरळ अंगाचे काडतूस .३०३ च्या चेंबरमध्ये जात नाही, त्यामुळे पहाऱ्यावरचा माल चोरून कुणाच्या कामी येत नसे.

स्वतंत्र भारताने ही धास्ती जशीच्या तशी उचलली. १९६२ च्या, २०१६ पर्यंत लागू असलेल्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात प्रतिबंधित रायफलींचे वर्णन करताना .३०३ आणि ७.६२ म्हणून ते थांबले नाहीत. ज्या कोणत्याही बोअरमध्ये या मापांची लष्करी काडतुसे बसून डागता येतात, तो बोअरही प्रतिबंधित, असे लिहिले होते. म्हणजे वर ज्याच्यावर एवढा खल केला त्या .३०८ विंचेस्टरचा निकाल आपल्याकडे कायद्याने एका वाक्यात लावला. हेडस्पेसच्या गेजला इथे कुणी विचारत नाही. ‘बसते आणि डागता येते’ ही कारागिराच्या दृष्टीने कच्ची कसोटी. पण कायद्याला नेमकी तीच पुरते, आणि ते बरोबरही आहे. चोर कुठे हेडस्पेस मोजतो?

कधी गाडे उलटेही असते: नावे दोन आणि वस्तू एक. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला भेट मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे जर्मनांची ७ × ५७ माउझरच. लंडनच्या दुकानाला जर्मन नाव मिरवायचे नव्हते. आणि कॉर्बेटचीच .४५०/.४०० दुनळी? त्या नावाची काडतुसे तीन इंची आणि सव्वातीन इंची अशा दोन लांब्यांत होती आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकाच शिकाऱ्याच्या खांद्यावर दोन्ही उदाहरणे.

विषय रायफलींचा असला तरी बारा बोअरला वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण महाराष्ट्रात परवानाधारकांच्या घरी बहुधा जे हत्यार असते ते हेच. जुन्या विलायती दुनळ्यांची चेंबरे बहुधा ६५ मिलिमीटरची, आजची काडतुसे पुष्कळदा ७० ची. काडतूस बेलाशक आत जाते, कारण छापलेली लांबी उघडलेल्या काडतुसाची असते. न डागलेल्याचे तोंड दुमडलेले असल्याने ते साठीच्या आत-बाहेर भरते. डागले की दुमड उघडते आणि तिला उघडायला जागाच नसते. ती चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते, दाब चढतो. बंदूक पहिल्याच बाराला फुटेल असे नाही. वर्षभर काही होत नाही, मग कड्या सैल होतात, आणि दोष शेवटी कारागिरावर येतो. दुसरा प्रकार याहून वाईट: वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये टाकले तर ते घसरत पुढे जाऊन नळीत अडकते. मागून नळी रिकामी दिसते. माणूस वैतागून बारा बोअरचे खरे काडतूस मागे घालतो. पुढचे सांगायला नको. काडतुसे खिशात मिसळू देऊ नका, एवढ्यासाठी मी एक अख्खे पान खर्च केले आहे.

बालेवाडीच्या रेंजवर हाच विषय वेगळ्याच सुरात भेटतो. तिथे .२२ लाँग रायफल. धोक्याचा प्रश्न जवळजवळ नाही, प्रश्न दहाव्या वर्तुळाचा. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या आणि तेव्हा मध्य रेल्वेत पुण्यात नोकरीला असलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, ते याच छोट्या काडतुसावर. या दर्जाच्या रायफलीचे चेंबर इतके घट्ट कोरतात की बोल्ट बंद करतानाच गोळी आट्यांना टेकते. न डागता काडतूस काढू गेलात तर गोळी नळीत अडकून दारू सांडू शकते. आणि एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसेही सारखी नसतात. मोठे नेमबाज आपली नळी घेऊन कारखान्याच्या चाचणी बोगद्यात जातात, एकामागून एक लॉट डागून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवला त्याचीच काडतुसे उचलतात. जोडी जमणे म्हणजे काय, याची ही कमाल पातळी.

काय नाही तेही सांगून टाकतो. घरी काडतूस भरण्याची कृती, चेंबर बदलण्याची किंवा कापण्याची माहिती या पुस्तिकेत नाही आणि पुढच्या आवृत्तीतही असणार नाही. शिकारीच्या हकिकती नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय आठवणींच्या पुस्तकांचा. कोष्टके इंच आणि मिलिमीटर दोन्हींत दिली आहेत, कारण आजोबांच्या रायफलीवर इंच असतात आणि नव्या डब्यावर मिलिमीटर. त्यांतल्या जोड्यांपुढे ‘चालते’, ‘चालत नाही’ आणि ‘मोजून घ्या’ असे तीनच शेरे आहेत. तिसरा शेरा सर्वांत जास्त वेळा आलेला दिसेल, त्याला इलाज नाही. वारशाने आलेल्या बंदुकीवरचा आकडा वाचता येत नसेल तर तिच्यात अंदाजाने काहीही घालू नये. परवानाधारक बंदूक कारागिराकडे चेंबरचा साचा काढून माप घेता येते. काम फार वेळाचे नाही. साचा कसा काढतात आणि कारागिराला नेमके काय विचारायचे, ते पहिल्याच प्रकरणात आहे.